'मानवतावाद' या शब्दातला 'वाद'

'पूरग्रस्तांना मानवतावादी दृष्टिकोनातून मदत' अशी वाक्यरचना आपण वारंवार वाचतो आणि तीत काही खटकण्यासारखे आहे असे सहसा कोणाला वाटत नाही. तेथे अभिप्रेत असते ती माणुसकी, म्हणजे संकटात सापडलेल्यांविषयीची कणव आणि तिच्यातून घडणारी कृती. इंग्रजीत या अर्थासाठी 'ह्युमॅनिटेरियन' आणि तत्त्वविचारासाठी 'ह्युमॅनिस्ट' असे दोन शब्द आहेत. मराठीत दोन्हींचा भार 'मानवतावादी' या एकाच विशेषणावर पडला आहे. त्यामुळे मानवतावाद म्हणजे दयाळूपणा अशी समजूत होते आणि कोणत्याही श्रद्धेचा सज्जन मनुष्य मानवतावादी ठरतो. तो सज्जन असतोच, पण मानवतावादी असेलच असे नाही.

हा गोंधळ फार जुना आहे. लॅटिन 'ह्युमॅनिटास' या शब्दाविषयी ऑलस गेलियस या रोमन लेखकाने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातच तक्रार केली होती, की लोक तो ग्रीक 'फिलान्थ्रोपिया', म्हणजे सर्वांविषयीचा स्नेहभाव, या अर्थी योजतात, तर जाणकारांना त्यातून 'पायडेया', म्हणजे विद्यासंस्काराने घडलेले माणूसपण, अभिप्रेत होते. युरोपीय प्रबोधनकाळात व्याकरण, वक्तृत्व, काव्य, इतिहास आणि नीतिशास्त्र शिकवणाऱ्याला 'उमानिस्ता' म्हणत ते याच दुसऱ्या अर्थाने; आपली 'मानव्यविद्या' ही संज्ञा त्याच परंपरेशी जुळते. ऐहिक नीतिदृष्टी हा अर्थ बराच नंतरचा आहे, आणि तोही एकदम स्थिरावला नाही: अमेरिकी मानवतावाद्यांच्या १९३३ च्या जाहीरनाम्यात मानवतावादाला 'धार्मिक' हे विशेषण लावलेले आढळते.

माझ्या मते शब्दाचा खरा अर्थ 'वाद' या उत्तरपदात आहे. येथे वाद म्हणजे भांडण नव्हे, तर कारणे देऊन मांडलेली भूमिका. ती भूमिका अशी, की नीतीचा उगम अलौकिक आज्ञेत किंवा परलोकीच्या फळात नसून माणसाच्या बुद्धीत, सहानुभूतीत आणि एकत्र जगण्याच्या अनुभवात आहे. दिलेला शब्द का पाळावा, या प्रश्नाला मानवतावादी असे उत्तर देईल, की विश्वास ठेवणाऱ्याची त्यावाचून हानी होते आणि परस्परविश्वासाशिवाय सहजीवन टिकत नाही. हे कारण कोणालाही तपासता येते. आणि एखाद्या प्रसंगी शब्द पाळल्याने निरपराधाचा जीव जाणार असेल, तर त्याच कारणाच्या आधारे तो मोडण्याचा विचारही करता येतो. आज्ञा पाळली जाते किंवा मोडली जाते. कारणाची मात्र चिकित्सा होऊ शकते, आणि मला या विचारातले हेच सर्वांत मोलाचे वाटते.

म्हणूनच 'नास्तिकता' हा 'मानवतावाद' या शब्दाचा पर्याय होत नाही, कारण ती काय मानत नाही एवढेच सांगते. 'इहवाद' हा शब्द बराच जवळचा आहे, परंतु त्यात इहलोकावरचा भर कळतो, प्रत्येक व्यक्तीच्या प्रतिष्ठेचा आग्रह कळत नाही. 'मानवधर्म' ऐकायला गोड असला तरी ज्या चौकटीबाहेर उभे राहायचे तीच तो परत आणतो. मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारासाठी 'नवमानवतावाद' रूढ झाला, तेथे 'वाद' नेमक्या अर्थाने आला आहे. 'मानवकेंद्री' हे विशेषण मात्र जपून वापरावे. त्यातून इतर जीवसृष्टीवर माणसाची सत्ता सूचित होते, आणि आंतरराष्ट्रीय मानवतावादी चळवळीच्या २०२२ च्या घोषणापत्रात तर निसर्गाविषयीची जबाबदारी स्पष्टपणे स्वीकारलेली आहे.

मदतीच्या संदर्भात 'माणुसकीच्या नात्याने' हा आपला जुना, अर्थवाही प्रयोग उपलब्ध असताना तेथे 'मानवतावादी' योजण्याची गरज मला दिसत नाही.