मदत हवी आहे: लीग खेळलेल्या भावाला आता कबड्डी शिकवायची आहे, वाट कुठून काढू?

नमस्कार. मी दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली, सध्या अकोल्याला नर्स आहे. प्रश्न माझ्या मोठ्या भावाचा आहे. दादा कबड्डी खेळायचा, बचावात डाव्या कोपऱ्याला. सिनियर नॅशनलला विदर्भाकडून दोनदा खेळला. त्यानंतर 2021 आणि 2022 असे दोन हंगाम व्यावसायिक लीगमध्ये होता. संघाचं नाव लिहीत नाही, त्यांच्याबद्दल तक्रारही नाही. ऑपरेशनचा खर्च त्यांनीच केला.

दुसऱ्या हंगामात समोरच्याचा घोटा धरताना दादाचा गुडघा फिरला आणि एसीएल, म्हणजे गुडघ्यातला मुख्य अस्थिबंध, तुटला. ऑपरेशन नीट झालं, पण तेवढ्यात करार संपला आणि तो गावी आला. अशा ऑपरेशननंतर सहा ते नऊ महिने नेमाने व्यायाम करून घ्यावा लागतो, हे मी रोज पेशंटना सांगते. आमच्याकडून फिजिओ गाठायचा तर अकोला नाहीतर अमरावती, एसटीत अर्धा दिवस जातो. दादा तीन आठवडे गेला, मग तूर सोंगायला आली आणि ते राहूनच गेलं. आजही पायऱ्या उतरताना त्याचा गुडघा दगा देतो.

गावात सगळे विचारतात, लाखो रुपये भेटले ते गेले कुठं? मला पै न पै माहीत आहे. हंगामाचे 6 लाख, त्यातून कर कापून हातात आलेले. बाबांचं बायपास, सावकाराचं जुनं देणं, घरावर स्लॅब, माझ्या नर्सिंगच्या (जीएनएम) तीन वर्षांची फी. उरलं त्यात ट्रॅक्टर घेतला. गुडघा गेल्यावर हप्ते थकले आणि ट्रॅक्टर ओढून नेला. त्यानं एक रुपया उडवला नाही. मी आज पगार घेते तो त्याच्या गुडघ्याच्या जोरावर, म्हणून हे लिहितेय.

शेती तीन एकर, खारपाणपट्ट्यातली. जमिनीखालचं पाणी खारं, त्यामुळे बोअर मारून ओलीत करायचा प्रश्नच नाही. कपाशी-तुरीवर वर्ष निघत नाही, म्हणून हंगामात तो कापसाच्या जिनिंगवर रोजीनं जातो. आणि सर्वांत वाईट म्हणजे हिवाळ्यात गावोगाव खुले सामने लागले की त्याला बोलावणं येतं. एका रात्रीचे दीड-दोन हजार देतात. गुडघ्याला पट्टा बांधून तो मातीवर उतरतो. मागच्या जानेवारीत एका सामन्यानंतर आठ दिवस त्याला चालता येत नव्हतं. मला हे थांबवायचं आहे.

योजना शोधल्या. केंद्राची खेळाडू पेन्शन 1994 पासून आहे, पण ती आंतरराष्ट्रीय पदकवाल्यांसाठी. पंडित दीनदयाळ उपाध्याय कल्याण निधी हलाखीतल्या खेळाडूंसाठी आहे, तिथे अर्ज करता येईल, पण दादा त्याला हात लावू देत नाही. ‘मले भीक नाही पायजे. शिकवाले पोट्टे भेटले त पुरे,’ एवढंच म्हणतो. राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी अधिकृत स्पर्धेतलं स्थान लागतं, लीगचा करार चालत नाही. पोलीस भरतीत 1600 मीटर धावायचं, ते या गुडघ्यानं होणार नाही. शाळेत क्रीडाशिक्षक व्हायचं तर बी.पी.एड. हवं आणि बी.पी.एड.साठी पदवी. त्यानं बी.ए. दुसऱ्या वर्षाला सोडलं, कारण शिबिरं आणि परीक्षा एकाच वेळी यायच्या. गावात तो सगळ्यांत मोठा खेळाडू, कागदावर मात्र कुठल्याच रकान्यात बसत नाही.

दोनच ठिकाणी आशा दिसते. एक, केंद्र सरकारच्या योजनेतलं खेलो इंडिया केंद्र. त्यात माजी खेळाडूच प्रशिक्षक असतो आणि वर्षाला 3 लाखांपर्यंत मानधन मिळतं. अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेतलं पदकही त्यात धरतात, आणि दादाकडे तिथलं कांस्य आहे. दुसरं, 29 ऑगस्ट 2024 ला सुरू झालेला केंद्राचा ‘रीसेट’ कार्यक्रम, 20 ते 50 वयाच्या निवृत्त खेळाडूंसाठी, बारावी किंवा त्याहून कमी शिकलेल्यांनाही खुला.

आता माझे प्रश्न. कबड्डीचं खेलो इंडिया केंद्र आपल्या भागात कोणी चालवतं का? प्रस्ताव जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे देताना जागा स्वतःची लागते, की जिल्हा परिषद शाळेचं मैदान चालतं? पतियाळाच्या एनआयएस या क्रीडा संस्थेचा प्रशिक्षकांसाठीचा सहा आठवड्यांचा कोर्स कोणी दुखऱ्या गुडघ्यानं केला आहे का, प्रात्यक्षिकात किती सूट मिळते? ‘रीसेट’मधून कोणाला प्रत्यक्ष काम मिळालं असेल तर कृपया सविस्तर लिहा. लीगच्या पैशांतून आधीच कापलेला कर (टीडीएस) दादानं कधीच परत मागितला नाही, प्राप्तिकराचं विवरणपत्रच भरलं नाही. उशीर माफ करून घेण्याचा अर्ज कोणी केला आहे का? आणि गुडघ्याचं दुसरं ऑपरेशन महात्मा फुले योजनेत बसवून घेतलेलं कोणी असेल तर कागद कोणते लागले ते सांगा.

व्हिडिओ करून पैसे गोळा करा, असं कृपया सुचवू नका. तो गाव सोडून जाईल.

भर: उत्तरांबद्दल मनापासून आभार. ज्यांनी प्रमाणपत्रं आधी तपासायला सांगितली त्यांचं बरोबर निघालं. काल सुट्टीत घरी जाऊन पेटी उघडली. आंतरविद्यापीठच्या प्रमाणपत्रावर दादाच्या आडनावाचं स्पेलिंग आधार कार्डापेक्षा वेगळं आहे. आठ वर्षांत कोणाच्या लक्षात आलं नाही. विद्यापीठातून दुरुस्ती करून आणायची, की प्रतिज्ञापत्रावर भागतं? ज्यांनी अमरावतीच्या क्रीडा उपसंचालक कार्यालयातून प्रमाणपत्राची पडताळणी करून घेतली आहे त्यांनी सांगावं.

पेटीवर शाळेतल्या सात-आठ मुलींची नावं लिहिलेली वही होती. संध्याकाळी तो त्यांना पकडी शिकवतो, हे मला आईनं कालच सांगितलं. वहीत तारखेवार हजेरी आहे, जूनपासूनची. प्रस्तावाला ती जोडता येईल का?