चहा स्वस्त होणार होता, मग बोस्टनकर भडकले का?

रानवाट: शाळेत आपण घोकलं: इंग्रजांनी चहावर कर लावला, अमेरिकन चिडले, बोस्टन बंदरात चहाच्या पेट्या समुद्रात. पण १७७३च्या कायद्याने चहा उलट स्वस्त होणार होता! ईस्ट इंडिया कंपनी (हो, आपल्याकडचीच) कर्जात, गोदामं चहाने तुंबलेली. तिला अमेरिकेत थेट माल विकायची मुभा मिळाली, पौंडामागे ३ पेन्सचा जुना कर मात्र तसाच ठेवला. मेख तिथेच होती. तो चहा प्यायला की संसदेचा कर लावायचा हक्क आपसूक मान्य. १७६६ मध्ये स्टॅम्प कायदा (छापील कागदांवरचा कर) रद्द करतानाच संसदेने बजावलं होतं की वसाहतींसाठी कुठलाही कायदा करायचा अधिकार आमचाच. माझ्या मते क्रांतीचं मूळ त्या वाक्यात आहे. ३४२ पेट्या बुडाल्या त्या भावापायी नाही.

अडकित्ता: असहमत. चोरटा डच चहा विकणाऱ्यांचा धंदा बसणार होता, हे कसं विसरलात? शिवाय १७६३ साली राजाने अ‍ॅपलेशियन डोंगरांपलीकडे वस्ती करायला बंदी घातली. त्या जमिनींवर डोळा ठेवून बसलेल्यांत खुद्द वॉशिंग्टन! व्हर्जिनियाचे तंबाखूवाले लंडनच्या व्यापाऱ्यांचे देणेकरी. तत्त्व वगैरे नंतर चढवलेला मुलामा.

पिंपळपान: साहेबाची बाजू कुणी घेईना, म्हणून मी घेतो. फ्रान्सशी झालेल्या सात वर्षांच्या युद्धाचं कर्ज त्याच्या डोक्यावर, आणि अमेरिकेतली फौज काय फुकट पोसायची? संसदेत प्रतिनिधी नाही म्हणून कर नको म्हणाल, तर तो तेव्हा इंग्लंडातल्या मँचेस्टरलाही नव्हता.

रानवाट: @पिंपळपान, मँचेस्टरची गावसभा कुणी बंद केली नव्हती. १७७४ मध्ये संसदेने मॅसॅच्युसेट्सची, म्हणजे बोस्टनच्या वसाहतीची, सनदच बदलली. परवानगीशिवाय गावसभा वर्षातून एकदाच.
@अडकित्ता, त्यानंतर तिथल्याच वूस्टर गावात काय झालं बघा. सप्टेंबरात साडेचार हजारांवर माणसं रस्त्याच्या दुतर्फा उभी राहिली. कोर्टाच्या अधिकाऱ्यांना टोपी हातात घेऊन मधून चालायला लावलं, आणि थोड्या थोड्या अंतरावर थांबून 'या कायद्याखाली काम करणार नाही' असं पुन्हा पुन्हा वाचायला लावलं. यातले बहुतेक साधे शेतकरी. यांची कुठली आली डोंगरांपलीकडे ओहायोत जमीन?

अडकित्ता: वूस्टर मान्य. पण व्हर्जिनियाचे मळेवाले? गव्हर्नर डनमोरने बंडखोरांच्या गुलामांना 'आमच्याकडून लढा, मोकळे व्हा' म्हटल्यावर त्यांचं पित्त खवळलं, ते कुठल्या गावसभेसाठी?

रानवाट: खवळलं, खरंय. पण तो जाहीरनामा नोव्हेंबर १७७५चा. लेक्सिंग्टनला युद्धाची पहिली गोळी एप्रिलातच सुटली होती.