‘स्क्वाड’ घ्यावा की नाही? दीर्घकाळ खेळलेल्यांचे मत हवे आहे

मधली_सुट्टी यांचा प्रश्न:

नमस्कार. आम्ही चार मित्र गेली काही वर्षे शनिवारी रात्री एकत्र बसून नेमबाजीचे खेळ खेळत आलो आहोत. सुरुवात मोबाइलवरच्या बॅटल रॉयलपासून झाली आणि पुढे संगणकावर ‘बॅटलफिल्ड’ मालिकेतले दोन-तीन भाग खेळून झाले. आता ‘स्क्वाड’ हा संगणकावरचा युद्धाचा खेळ घ्यावा असे दोघांचे म्हणणे आहे, तर उरलेल्या दोघांचे (त्यात मीही आलो) मन अजून तयार होत नाही.

अडचण अशी की, स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानावरचे अभिप्राय वाचून माणूस अधिकच गोंधळतो. एक जण आठशे तास खेळून झाल्यावर ‘२०२३ च्या बदलाने खेळाची वाट लावली’ असे लिहितो आणि त्याच्याच खाली दुसरा, त्याच बदलामुळे आपण खेळाकडे परतलो, असे सांगतो. दोघेही मनापासून लिहीत आहेत हे दिसते, त्यामुळे कोणाचे ऐकावे ते कळत नाही. हा बदल नेमका काय होता, आणि नव्याने येणाऱ्याला त्याने काही फरक पडतो का? दुसरी शंका म्हणजे, यात नऊ जणांची तुकडी असते आणि माइकवर सतत बोलावे लागते असे ऐकले आहे. आमच्यापैकी दोघे इंग्रजी बोलायला बिचकतात. अशा वेळी चार ओळखीचे आणि पाच अनोळखी मिळून तुकडी चालते का?

जुना_मॉडवाला यांचे उत्तर:

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर या खेळाच्या कुळात आहे, म्हणून थोडे मागे जातो. २००५ साली ‘बॅटलफिल्ड २’ साठी ‘प्रोजेक्ट रिअ‍ॅलिटी’ नावाचा मॉड, म्हणजे चाहत्यांनी मूळ खेळात फेरफार करून बनवलेली आवृत्ती, निघाला. मूळ खेळातली धावपळ काढून टाकून त्याने खेळाडूंना तुकडीत राहायला, नेत्याचे ऐकायला आणि एका मरणाची किंमत ओळखायला लावले. त्याच मंडळींपैकी काहींनी पुढे कॅनडातल्या ऑफवर्ल्ड इंडस्ट्रीजमधून ‘स्क्वाड’ उभा केला. डिसेंबर २०१५ मध्ये तो अर्लि अ‍ॅक्सेसमध्ये, म्हणजे अपूर्ण असतानाच विक्रीला, आला आणि सप्टेंबर २०२० मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला.

एका बाजूला पन्नास खेळाडू आणि तुकडीत जास्तीत जास्त नऊ. प्रत्येक बाजूला ठरावीक तिकिटे, म्हणजे गुण, मिळतात आणि ती संपली की ती बाजू हरते. तुम्ही जखमी होऊन पडलात आणि मेडिकने वेळेत उठवले तर तिकीट वाचते. कंटाळून ‘गिव्ह अप’ दाबलेत तर एक तिकीट गेले. पुढच्या तळाचा रेडिओ, ज्याच्याभोवती तो तळ उभा राहतो, शत्रूने फावड्याने खणून उडवला तर एका झटक्यात वीस तिकिटे जातात. आता विचार करा: एखाद्याने अचूक नेमबाजी करून वीस शत्रू कायमचे बाद केले आणि दुसरीकडे आपल्या रेडिओपाशी कोणीच थांबले नाही म्हणून तो गेला, तर हिशेब शून्यावर येतो. ‘बॅटलफिल्ड’मधून येणाऱ्याला पहिले दहा-पंधरा तास हे गणित अंगवळणी पडत नाही. तो जिथे गोळीबार ऐकू येतो तिकडे धावत सुटतो.

मी तर नव्या माणसाला सांगतो की, पहिल्या फेरीत बंदूक विसरा आणि लॉजिस्टिक ट्रक चालवा. मुख्य तळावर बांधकामाचे साहित्य आणि दारूगोळा भरायचा, पुढच्या रेडिओपाशी नेऊन उतरवायचा, नेता जिथे सांगेल तिथे फावड्याने हॅब (जिथून मेलेले खेळाडू पुन्हा खेळात येतात ते ठाणे) उभे करायचे, आणि रिकामा ट्रक परत न्यायचा. चाळीस मिनिटे हे काम केले की नकाशा कसा वाचायचा आणि लढाई कुठून कुठे सरकते ते आपोआप कळू लागते. ज्याला हे काम हमालीचे वाटते त्याने हा खेळ घेऊ नये, हे मी स्पष्टच सांगतो.

पडीक_रायफलमन यांचे उत्तर:

वरील उत्तराचा आदर ठेवून दुसरी बाजू मांडतो, कारण ‘वाट लावली’ म्हणणाऱ्यांपैकी मी एक आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये जो बदल आला त्याला ‘इन्फन्ट्री कॉम्बॅट ओव्हरहॉल’ म्हणतात आणि सगळे त्याचा उल्लेख आयसीओ असाच करतात. त्यापूर्वी धावत येऊन, थांबून, नेम धरून गोळी मारता येत असे. आता दम लागलेल्या सैनिकाच्या हातातली बंदूक डोलत राहते, जवळून गोळ्या गेल्या की पडदा धूसर होतो आणि नेम ठरत नाही, गोळीचा झटकाही जास्त बसतो. गुडघ्यावर किंवा पालथे झाल्यावर, अथवा बायपॉड (बंदुकीचे दोन पाय) टेकवल्यावर बंदूक स्थिरावते. जोडीला बंदुकीवरच्या दुर्बिणीतले चित्र आता पडद्यात वेगळे रेखाटले जाते, म्हणजे दुर्बिणीच्या नळीभोवतीचा परिसर मोठा होत नाही. दिसायला हे फार सुंदर आहे, परंतु माझ्यासारख्या जुन्या ग्राफिक्स कार्डवाल्याला त्याची किंमत मोजावी लागते.

माझा आक्षेप वास्तवतेवर नाही. प्रशिक्षित सैनिक पन्नास पावले धावल्यावर ताडी पिऊन आल्यासारखा डुलतो का, हा वाद घालत बसण्यात मला रस नाही. आक्षेप हा आहे की, पूर्वी तुकडी वाईट मिळाली तरी एकटा माणूस स्वतःच्या कसबावर संध्याकाळ गोड करून घेऊ शकत होता. बाजूने वळसा घालून तीन जणांना गाठले तर तिघांनाही लोळवता येत असे. आता पहिला पडतो आणि उरलेले दोघे मला लोळवतात. म्हणजे माझी संपूर्ण फेरी अशा एका नेत्याच्या हाती गेली, ज्याने कदाचित दुसरे कोणी तयार होईना म्हणून ते पद घेतले आहे आणि जो माइकवर एक शब्दही उच्चारत नाही. अशा फेऱ्या कमी नसतात. पुढच्या अद्यतनांत डोलणे आणि झटका काही प्रमाणात सौम्य झाला हे मान्य करतो, पण मूळ दिशा तीच आहे.

निळा_कंदील यांचे उत्तर:

मी बहुतेक वेळा स्क्वाड लीडर, म्हणजे तुकडीचा नेता, असतो, त्यामुळे वरची तक्रार मला रोज प्रत्यक्ष ऐकावी लागते! तरीही माझे मत उलट आहे, आणि ते का, हे एका प्रसंगावरून सांगतो.

नार्वाच्या नकाशावर आम्ही खेळत होतो. एस्टोनियातले नार्वा हे रशियाच्या सीमेवरचे खरे शहर आहे आणि खेळातही नदी, किल्ला आणि चौकोनी इमारतींच्या रांगा आहेत. रस्त्यापलीकडच्या एका तिमजली इमारतीच्या दोन खिडक्यांतून आम्हाला कोणी रस्ता ओलांडू देईना. दोनदा प्रयत्न झाले, दोन्ही वेळा मेडिकला पडलेल्यांना उठवावे लागले. तेव्हा मी मशीनगनवाल्याला, जो बहुधा फिनलंडचा एक अत्यंत मितभाषी खेळाडू होता, भिंतीच्या तुटक्या कडेवर बायपॉड टेकवून डाव्या खिडकीवर चार-चार गोळ्या मारत राहायला सांगितले. कोणी दिसो अथवा न दिसो, मी थांब म्हणेपर्यंत मारत राहायचे. उजव्या खिडकीसाठी दोन रायफलमन ठेवले. मग रस्त्यावर धुराचे तीन गोळे टाकले, धूर नीट पसरेपर्यंत मनात वीस आकडे मोजले आणि चौघांना सोडले. चौघेही पलीकडे पोहोचले. इमारत घेतल्यावर जिन्यात सापडलेल्या शत्रूने वैतागून सांगितले की, गेला दीड मिनिट त्याला पडद्यावर काहीही दिसत नव्हते.

फेरी संपल्यावर गुणफलक पाहिला तर त्या मशीनगनवाल्याच्या नावावर दोन बळी होते. आयसीओच्या आधी हेच केले असते तर खिडकीतल्या चांगल्या नेमबाजाने गोळ्या अंगावरून जात असतानाही शांतपणे त्याच्या डोक्यात गोळी घातली असती, कारण तेव्हा दडपणाच्या गोळीबाराची कोणाला फारशी भीतीच नव्हती. मशीनगन हे आमच्या तुकडीत त्या काळी केवळ जास्त गोळ्यांची रायफल म्हणून घेतले जाई. आता ते शस्त्र जसे वापरायला हवे तसे वापरले जाते.

पडीक_रायफलमन यांचे एक म्हणणे मात्र मी पूर्णपणे मान्य करतो. मुका नेता मिळाला तर यापेक्षा कंटाळवाणा खेळ दुसरा नाही. त्यावर उपाय एवढाच की, पहिल्या पाच मिनिटांत नेता बोलला नाही किंवा त्याने रॅली (तुकडीला पुन्हा खेळात उतरण्याची तात्पुरती जागा) टाकली नाही, तर निमूटपणे दुसरी तुकडी धरावी. यात कोणाचा अपमान होत नाही.

मधली_सुट्टी:

सविस्तर लिहिल्याबद्दल आपणा सर्वांचे आभार. नेमबाजीबद्दलची शंका बरीचशी फिटली. माइक, भाषा आणि पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन येण्याचा विलंब, मिलिसेकंदांत) यांबद्दल कोणी अनुभव सांगू शकेल का? आमच्यापैकी दोघे कोल्हापूरला आहेत, एक नाशिकला आणि मी ठाण्याला.

पट्टी_बांधा_आधी यांचे उत्तर:

मी पुण्याची असून सध्या जर्मनीत नोकरीला आहे. दोन्हीकडून खेळले आहे, म्हणून उत्तर देते. पुण्याहून सिंगापूरच्या सर्व्हरवर माझा पिंग ऐंशीच्या आसपास राहत असे आणि युरोपातल्या सर्व्हरवर त्याच्या जवळजवळ दुप्पट. झटपट प्रतिक्रियांच्या खेळात एवढा विलंब जाचतो. इथे बहुतेक गोळीबार दीडशे-दोनशे मीटरवरून होत असल्याने आणि मी कायम मेडिक असल्याने मला तो फारसा जाणवला नाही.

इंग्रजीची भीती तर मनातून काढूनच टाका. या खेळात लागणारे इंग्रजी एका पोस्टकार्डावर मावेल. होकायंत्र पडद्याच्या तळाशी कायम दिसते; त्यावरचा आकडा, अंदाजे अंतर आणि काय दिसले, एवढेच सांगायचे असते. ‘टू फोर्टी, वन फिफ्टी मीटर्स, टू मेन, ट्री लाइन’ हे वाक्य ज्याला बोलता येते तो माझ्या दृष्टीने उत्तम सैनिक आहे. उलट ज्यांचे इंग्रजी अस्खलित आहे तेच ‘अरे तो तिकडे आहे, तिकडे, त्या घरापाशी’ या धर्तीवर बोलतात आणि नऊ जण नऊ घरांकडे बघत बसतात. मी सुरुवातीला दोन आठवडे फक्त आकडे बोलत होते.

आपापसांत मराठीत बोलायचे असेल तर एक पथ्य पाळा. तुमची वेगळी डिस्कॉर्डची खोली उघडी ठेवून चौघे तिथेच गप्पा मारत राहिलात, तर तुकडीतल्या उरलेल्या पाच जणांना तुम्ही मुके वाटाल आणि नेता तुम्हाला बाहेर काढेल. जे दिसले ते तुकडीच्या चॅनेलवर आधी बोला, मग मराठीत हवा तेवढा आरडाओरडा करा.

मेडिकबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. रक्त थांबवायची पट्टी प्रत्येकाकडे असते, पण माणसाला पूर्ण बरे करणे मेडिकचेच काम आहे. पडलेला माणूस उघड्यावर असेल तर धावत जाऊ नका. आधी धूर टाका, आणि त्याला विचारा की गोळी कुठून आली. पडलेल्यालाच ते सर्वांत चांगले माहीत असते. मी हे न विचारता गेले आहे आणि त्याच्याच शेजारी आडवी झाले आहे, एकदा नव्हे, कितीतरी वेळा.

जाता जाता एक गंमत: नकाशांच्या यादीत ‘कोकण’ दिसले तर हुरळून जाऊ नका. ते अफगाणिस्तानातले आहे. मातीच्या भिंतींची घरे आणि शेते आहेत, माडाचे एक झाड मिळायचे नाही. माझ्या मालवणच्या मामेभावाने केवळ नाव पाहून तो सर्व्हर धरला होता.

पडीक_रायफलमन:

पुढे घ्यायचेच ठरले तर व्यवहाराची एक गोष्ट लक्षात ठेवा. स्टीमवर पैसे परत मागायचे असतील तर खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून मागावे लागतात. इथली एकेक फेरी तासाभराची असते, म्हणजे दोन फेऱ्यांत मुदत संपते आणि तेवढ्यात हा खेळ कोणालाच कळत नाही. तेव्हा मोफत खेळता येणाऱ्या शनिवार-रविवारची वाट पाहा, किंवा घेतल्याबरोबर ‘जेन्सन्स रेंज’ या सरावाच्या नकाशावर जाऊन तुमच्या संगणकाला दुर्बीण झेपते का, ते पहिल्या वीस मिनिटांत तपासा.

आणि हो, मी एवढी तक्रार करूनही आठवड्यातून तीनदा खेळतो, हे पत्नीने वाचून लिहायला लावले आहे.

मधली_सुट्टी:

तीन आठवड्यांनी पुन्हा लिहीत आहे. दोघांऐवजी चौघांनीही खेळ घेतला. जुना_मॉडवाला यांचे ऐकून मी पहिल्याच फेरीत येहोरिव्हका या नकाशावर लॉजिस्टिक ट्रक घेतला, रस्ता सोडून शेतातून नेला, आणि रेडिओपाशी साहित्य उतरवून झाल्यावर आनंदाच्या भरात ट्रक तिथेच उभा करून लढायला गेलो. पंधरा मिनिटांनी नेत्याने अत्यंत सभ्य शब्दांत विचारले की, आपला ट्रक सध्या कुठे आहे. तो शत्रूने जाळला होता, आणि त्याच्या धुराच्या मागावर येऊन हॅबही शोधून काढले होते.

कोल्हापूरच्या दोघांपैकी जो इंग्रजीला सर्वांत जास्त बिचकत होता तो आता मशीनगन सोडायला तयार नाही आणि आकडे सगळ्यांत स्पष्ट तोच बोलतो. नाशिककराला मात्र डोलणारी बंदूक अजिबात रुचलेली नाही. त्याचे आणि पडीक_रायफलमन यांचे चांगले जमेल. येत्या शनिवारी रात्री दहा वाजता सिंगापूरच्या सर्व्हरवर आम्ही तुकडी काढणार आहोत. पाच जागा रिकाम्या आहेत, आणि नेता व्हायला आमच्यापैकी अजून कोणी तयार नाही.

निळा_कंदील:

येतो. ट्रक मात्र तुम्ही चालवायचा नाही.