मदत हवी आहे: इंग्रजी वाक्यात कुठला तुकडा कुठे ठेवायचा?

नमस्कार मंडळी,

कामाचे ईमेल इंग्रजीत लिहिताना मी एकाच जागी पुन्हा पुन्हा अडते. परवा उशिराचं कारण कळवताना लिहिलं, ‘वॉकिंग टू द स्टेशन, द रेन स्टार्टेड.’ सहकारी म्हणाली, याचा अर्थ पाऊसच स्टेशनकडे चालत होता! मराठीत ‘स्टेशनकडे चालत जाताना पाऊस सुरू झाला’ अगदी बरोबर. ‘जाताना’चा कर्ता वेगळा असला तरी चालतं. इंग्रजीत मात्र सुरुवातीचा ‘इंग’वाला तुकडा स्वल्पविरामानंतरच्या कर्त्याला जाऊन चिकटतो. ‘व्हाइल आय वॉज वॉकिंग’ लिहिलं की प्रश्न मिटतो, एवढं आता समजलंय.

खरी पंचाईत मधल्या शब्दांची आहे. ‘शी टोल्ड मी ऑन मंडे द रिपोर्ट वॉज रेडी.’ सोमवारी सांगितलं, की रिपोर्ट सोमवारी तयार होता? ‘ऑन मंडे’ अगदी सुरुवातीला नेलं तर पहिला अर्थ पक्का होतो. दुसरा हवा असेल तर ‘टोल्ड मी दॅट ऑन मंडे’ असं लिहिते. हे बरोबर आहे ना? असा ‘दॅट’ दर वेळी घालावा का?

आणि ‘ओन्ली’चं काय करता? ‘आय ओन्ली सेंट टू फाइल्स’ बोलताना खटकत नाही, पण लिहिताना तो ‘टू’च्या आधीच ठेवावा का? सरावासाठी अशी फसवी वाक्यं कुणाकडे असतील तर नक्की द्या, मी सोडवून इथेच टाकेन.