धार्मिक ओसीडी: दर वेळी धीराचं वचन पाठवावं की नाही?

मोहरीचा_दाणा

नमस्कार. तरुणांच्या प्रार्थनागटातल्या एका मुलाला ओसीडीचं निदान झालंय. मंत्रचळच, पण देवाच्या बाबतीतला. प्रभूची प्रार्थना म्हणताना मध्येच घाणेरडा विचार आला की ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’पासून पुन्हा सुरुवात. आमेनपर्यंत पोचायला कधी कधी चाळीस मिनिटं लागतात. शिवाय रोज रात्री मेसेज: ‘माझ्या हातून पवित्र आत्म्याची निंदा झाली का?’ (बायबलात या पापाला क्षमा नाही असं म्हटलंय.) उत्तरादाखल १ योहान १:९, म्हणजे पाप कबूल केलं तर देव क्षमा करतो हे वचन, पाठवलं की दहा मिनिटं शांत. मग, ‘पण पश्चात्ताप मनापासून झाला का?’

गोळ्या सुरू आहेत. थेरपिस्ट म्हणतात, खात्री देऊ नका. पण घाबरलेल्या माणसाला वचन द्यायचं नाही, हे पटत नाही. नेमकं काय म्हणावं आणि काय टाळावं?

शांत_पाणी

थेरपिस्टचं बरोबर आहे, आणि त्यात वचनाचा अपमान नाही. वचन खरंच आहे. प्रश्न आहे तो त्याचा वापर कशासाठी होतोय याचा. वचन वाचून दहा मिनिटं भीती उतरते. त्यातून मेंदू शिकतो की धोका खरा होता आणि उत्तर मिळालं म्हणून आपण वाचलो. पुढच्या वेळी भीती लवकर येते आणि खात्री जास्त मागते. सारखे हात धुणाऱ्याचं जे होतं तेच इथे होतंय, फक्त साबणाच्या जागी वचन आलंय.

विचार येणं हा आजार नाही. रॅकमन आणि डी सिल्व्हा यांनी १९७८ मध्ये ओसीडी नसलेल्या लोकांना विचारलं, तेव्हा बहुतेकांनी असे नकोसे विचार येतात असं सांगितलं, आणि ते विचार रुग्णांच्या विचारांसारखेच होते. फरक पडतो तो पुढच्या पायरीला: विचाराला अर्थ चिकटवला जातो आणि तो पुसून टाकायची धडपड सुरू होते. ईआरपी (भीतीला सामोरं जायचं, पण ती घालवायची कृती करायची नाही) या उपचारात नेमकी ही धडपड थांबवायला शिकवतात.

प्रार्थनेपुरता सराव असा. प्रभूची प्रार्थना दिवसातून ठरलेल्या वेळी, एकदाच. सावकाश म्हटली तरी मिनिटभरात होते. मध्ये विचार आला तर येऊ द्यायचा आणि त्याच ओळीवरून पुढे जायचं. शब्द अडखळला, मन भरकटलं, तरी मागे फिरायचं नाही. आमेन झालं की उठायचं आणि हात गुंतवायचे: कपड्यांच्या घड्या, भांडी, काहीही. उठताना अस्वस्थता शंभरपैकी किती ते वहीत एका आकड्यात लिहायचं, अर्ध्या तासाने पुन्हा. आकडा उतरलाच पाहिजे अशी अट नाही. ८० असतानाही भांडी घासून होतात, हे कळणं महत्त्वाचं.

फसतं कुठे, तर आमेननंतर मनातल्या मनात ‘प्रभू, क्षमा कर’ म्हटलं जातं. बाहेरून काहीच दिसत नाही. सराव महिनोन्महिने चालतो, फरक पडत नाही, आणि दोष उपचाराला लागतो. थेरपिस्टला ही चोरटी प्रार्थना माहीत आहे ना, एवढं मुलाला जरूर विचारा. ती झालीच तर मागोमाग म्हणायचं, ‘प्रार्थना नीट झाली असेल, नसेलही. मी पुढे जातो.’ हे वाक्यही घोकायचं नाही, नाहीतर त्याचाच नवा मंत्र होतो.

बऱ्याच घरच्यांना वाटतं की उपचारात देवाला शिव्या द्यायला लावतील. तशी गरज नसते. मंडळीतल्या (चर्चमधल्या) इतरांना सहज चालेल एवढंच पुरतं: त्या निंदेबद्दलचं मार्क ३:२८-३० एकदा वाचायचं, अर्थ न शोधता पुस्तक मिटायचं.

रात्रीच्या मेसेजचं उत्तर दिवसाउजेडी, तो शांत असताना, दोघांनी मिळून ठरवा. उदा. ‘हा प्रश्न ओसीडीचा वाटतो. तुझी काळजी आहे म्हणूनच उत्तर देत नाही. उद्या भेटू.’ सुरुवातीला मेसेज वाढतील, सूर चढेल. पाचव्या मेसेजला तुम्ही विरघळलात तर पाच वेळा विचारलं की उत्तर मिळतं, हे तो शिकेल.

जुनी_घंटा

वरच्याला जोड म्हणून. हे दुखणं मंडळीला नवीन नाही. अशा अतिरेकी शंकेसाठीचा जुना लॅटिन शब्द मुळात ‘टोकदार खडा’ या अर्थाचा आहे. चपलेत अडकलेला खडा आठवा.

जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला १५२२-२३ मध्ये स्पेनमधल्या मानरेसाला असताना हेच भोगत होते. जुनी पापं पुन्हा पुन्हा कबूल करायची, तरी समाधान नाही. कबुली ऐकणाऱ्याने सांगितलं, अगदी स्पष्ट असेल तेवढंच सांगा. उपयोग शून्य, कारण त्यांना सगळंच स्पष्ट वाटत होतं! अखेर त्यांनी मागची पापं पुन्हा कबूल करायची नाहीत असा निश्चय केला, तेव्हा सुटका झाली. म्हणून ‘वाटलं तर सांग’ असा नियम देऊ नका. वाटणंच बिघडलेलं असतं. तारीख घालून रेघ मारा: या दिवसाच्या आधीचं काहीही पुन्हा कबूल करायचं नाही. फादर किंवा पाळक एकच, दिवस ठरलेला, वेळ दहा मिनिटं. संशयास्पद असेल ते वगळायचं. एक उत्तर मनासारखं नाही म्हणून दुसऱ्या पाळकाकडे जाणं हीसुद्धा ओसीडीच.

निंदेच्या पापाबद्दल एकदाच आणि नीट समजावून सांगा. मार्क ३:३० मध्ये कारण दिलंय: येशूला अशुद्ध आत्मा लागलाय, असं शास्त्री जाणूनबुजून म्हणत होते. नको असताना डोक्यात घुसलेला विचार ही ती गोष्ट नव्हे. हे सांगून झालं की विषय बंद. दुसऱ्यांदा सांगितलं की ते शिक्षण राहत नाही, डोस होतो.

दिवा_पाजळणारी

गोळ्यांबद्दल थोडं. एसएसआरआय गटातली औषधं (नैराश्यावर आणि ओसीडीवर देतात ती) ओसीडीत नैराश्यापेक्षा बहुधा जास्त मात्रेत लागतात आणि पुरता परिणाम दिसायला ८ ते १२ आठवडे जातात. चौथ्या आठवड्यात कुणीतरी म्हणतं, ‘विश्वास असता तर गोळी लागली नसती’, आणि गोळी बंद होते. अशी एकदम तोडली की चक्कर, मळमळ, चिडचिड होते, आणि त्याला ती देवाची शिक्षा वाटते. कमी करायची तर डॉक्टरांनीच, हळूहळू.

भूत काढण्याच्या प्रार्थनेला कृपा करून बसवू नका. विचार बाहेरच्या दुष्ट शक्तीचा आहे हे एकदा मनात बसलं की प्रत्येक विचारावर पहारा सुरू होतो. कडक उपासही सध्या नकोत. १ राजे १९ मध्ये संदेष्टा एलीया मरण मागत होता, तेव्हा देवदूताने उपदेश केला नाही; भाकरी आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा खायला उठवलं. जगण्यात अर्थ नाही असं बोलू लागला किंवा खाणं सोडलं तर पुढच्या भेटीची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. एकटं ठेवू नका.

मोहरीचा_दाणा

मनापासून आभार. एकच राहिलं. ‘अयोग्य रीतीने’ घेतलं तर दंड, या भीतीने तो प्रभुभोजन (उपासनेत येशूच्या आठवणीने भाकर आणि द्राक्षारस घेणं) टाळतो.

जुनी_घंटा

१ करिंथ ११ मध्ये २१वी ओवी आधी बघा. तिथे काही जण आधीच जेवून घेत होते आणि बाकीचे उपाशी राहत होते. ‘अयोग्य’ हा शब्द त्या वागण्यावर आहे. २८व्या ओवीतही आत्मपरीक्षण करून मग खावं असं आहे, दूर राहावं असं नाही.

करायचं असं: परीक्षण आदल्या रात्री, घड्याळ लावून पाच मिनिटं. रांगेत परीक्षण नाही. विचार आला तर त्याच्यासकट पुढे जायचं. एखाद्या रविवारी जमलं नाही तर भरपाईच्या प्रार्थना नाहीत. पुढच्या वेळी पुन्हा रांगेत. तुम्ही त्याच्या मागे उभे राहा. ‘जाऊ ना?’ म्हणून वळून बघितलं तर मानही डोलावू नका. फक्त रांगेबरोबर सरकत राहा.