होमगार्डमध्ये नाव नोंदवायचंय, पण खाजगी नोकरी आणि घर सांभाळून जमेल का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मी पंढरपूरची. वय 38. एका औषधाच्या दुकानात काउंटर आणि हिशेब बघते. मुलगी सातवीत आहे, घरी सासूबाई असतात. यजमान एसटीत वाहक, त्यामुळे त्यांच्या ड्युटीचा काही नेम नसतो.

गेल्या आषाढीला दुकानासमोरच एक म्हातारी रडत बसली होती. दिंडी चुकलेली. विचारलं की फक्त "रथामागची, रथामागची" म्हणायची, नंबर काही सांगता येईना. बंदोबस्तावरची एक होमगार्ड ताई आली, तिला आमच्या पायरीवर सावलीत बसवलं, पाणी दिलं आणि "आजी, पिशवी बघू का तुमची?" असं विचारून एकेक वस्तू बाहेर काढली. टाळ, डबा, लुगडं आणि तळाशी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं दिंडीचं कार्ड! त्यावर नंबर होता, विणेकऱ्यांचा फोनही होता. तासाभरात माणसं येऊन आजीला घेऊन गेली. त्या ताईशी बोलले तेव्हा कळलं, एरवी ती शिवणकाम करते. तेव्हापासून हे काम आपणही करावं असं मनापासून वाटतंय. गर्दीत बायकांना, म्हाताऱ्यांना सांभाळायला बाईमाणूस लागतंच, आणि या गावातल्या गल्लीबोळांची मला लहानपणापासून माहिती आहे.

चौकशी केली तेवढी सांगते. दहावी पास, वय 20 ते 50, बायकांना उंची 150 सेंटिमीटर, 800 मीटर धावणं आणि गोळाफेक. यात मी बसते, धावण्याचा सराव मात्र करावा लागेल. तीन वर्षं सेवा झाली की पोलीस भरतीत 5 टक्के आरक्षण मिळतं म्हणून बरीच तरुण मुलं येतात. माझं ते वय नाही, मला हेच काम करायचंय.

अडचण ना हरकत पत्राची आहे. खाजगी नोकरी असेल तर मालकाचं पत्र लागतं. आमचे मालक माणूस म्हणून चांगले आहेत, पण त्यांनी स्पष्ट सांगितलं, "वर्षभर कधीही सुट्टी घे, आषाढीचे आठ दिवस सोडून." त्यांचंही खरंय, दुकानाचा सगळ्यात मोठा धंदा तेव्हाच असतो. पण बंदोबस्तही तेव्हाच! यातून कुणी वाट काढली आहे का? दुसऱ्या जिल्ह्यात बंदोबस्ताला पाठवतात का? आणि भत्त्यावर कितपत विसंबावं?

प्रतिसाद : कृष्णाकाठची

ताई, मी नऊ-दहा वर्षं होमगार्डमध्ये आहे. आधी पैशांचं सांगते. ऑक्टोबर 2024 पासून कर्तव्य भत्ता दिवसाला 1083 रुपये झाला, आधी 570 होता. कवायत भत्ता 180. पण हा पगार नव्हे. बंदोबस्ताला बोलावलं त्याच दिवसाचे पैसे, आणि ते हातात यायला वेळ लागतो. घरचा हप्ता यावर धरू नका. नोकरी सोडून तर मुळीच येऊ नका.

बाहेर पाठवतात. तुमच्याच आषाढीला मी आमच्या जिल्ह्यातून आले होते. निवडणुकीलाही जावं लागतं. गणपती, नवरात्र, मोहरम, सगळे सणवार घराबाहेर जातात, हे घरच्यांशी आधीच बोलून ठेवा. विशेषतः सासूबाईंशी. मुलीची जबाबदारी त्यांच्यावरच येणार.

मालकांकडून नुसती सही घेऊ नका. आषाढीला तुम्ही असणार नाही हे पत्र मागतानाच सांगा आणि त्या आठ दिवसांपुरती बदली माणसाची सोय तुम्हीच सुचवा. मी ज्या शाळेत स्वयंपाकाला होते तिथे माझ्या जाऊबाई जायच्या. सही घेऊन ऐन वेळी गैरहजर राहिलात तर नोकरीही जाईल आणि पथकातही नाव खराब होईल.

प्रतिसाद : निवृत्त हवालदार

ताई, तुमचा विचार फार चांगला आहे. मी बंदोबस्तात कायम होमगार्डच्या बरोबरीने उभा राहिलोय, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. मुंबई होमगार्ड अधिनियम 1947 चा आहे. त्यानुसार कर्तव्यावर बोलावलं की होमगार्डला पोलीस अधिकाऱ्यासारखेच अधिकार आणि संरक्षण मिळतं. बोलावलेलं नसताना ते अधिकार नसतात. गणवेश घालून भाऊबंदकीच्या भांडणात मध्ये पडणारे पाहिलेत, त्यांचं पुढे फार वाईट झालं. प्रशिक्षणात हे सांगतात, तरी आधीपासून डोक्यात असू द्या.

नोंदणी बारा महिने चालू नसते. जिल्ह्यात जागा रिकाम्या झाल्या की जाहिरात निघते, आणि तुम्ही ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत राहता तिथलाच रहिवास लागतो. पोलीस चारित्र्य प्रमाणपत्र आत्ताच काढून ठेवू नका, ते तीन महिन्यांच्या आतलं मागतात. एनसीसीचं बी किंवा सी प्रमाणपत्र असेल तर शोधून ठेवा, त्याला गुण असतात.

मालक नाहीच म्हणाले तर पोलीस मित्र म्हणून ठाण्यात नाव द्या. त्यात अधिकार नाहीत, भत्ता नाही, पण वेळ तुमच्या सोयीचा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. पोलीस मित्र होईन, पण तेवढ्यावर थांबायचं नाही. माझी धाकटी नणंद डी.फार्म. झाली आहे आणि सध्या घरीच आहे. आषाढीपुरती ती काउंटरला उभी राहायला तयार आहे, आजच विचारलं. उद्या मालकांशी तिला घेऊनच बोलते.

कृष्णाकाठच्या ताई, अजून एक विचारायचं राहिलं. चंद्रभागेच्या घाटावर ड्युटी लागली तर पोहता येणं लागतं का? मला येत नाही, पण भरतीपर्यंत शिकायची तयारी आहे.