मदत हवी आहे: टाकीवर घराच्या रंगाचे तुषार बसलेत, सोनेरी रेघ वाचवून कसे काढू?

मंडळी, शेजारच्या इमारतीची बाहेरची भिंत फवारणी यंत्राने रंगवत होते. माझी मोटरसायकल पंधरा-वीस फुटांवर, कव्हर न घालता उभी होती आणि वारा सुटला होता. संध्याकाळी गाडी नुसती धुळकट वाटली, म्हणून फडकं मारायला गेलो तर फडकं अडकायला लागलं. टाकीवर बोटं फिरवली तर पॉलिश पेपरवरून हात फिरवल्यासारखं वाटलं. उजेडात पाहिलं तेव्हा कळलं, टाचणीच्या टोकाएवढे फिकट पिवळे ठिपके सगळीकडे बसलेत. आज तिसरा दिवस.

टाकी काळी, चकचकीत. दोन्ही बाजूंना हाताने ओढलेली सोनेरी रेघ आहे. तिच्यावरून नख फिरवलं की कड लागते, म्हणजे ती लॅकरच्या (रंगावरच्या पारदर्शक चकचकीत थराच्या) वर आहे. ही गाडी वडिलांची. बाकी टाकी पुन्हा रंगवता येईल, पण ती रेघ तशीच परत मिळणार नाही.

दोनदा शाम्पूने धुतली, फरक नाही. नखाने एकेक ठिपका निघतो. ओळखीचे मेकॅनिक म्हणतात थिनर मार. माझा धीर होत नाही. कोणी हे केलं आहे का?

प्रतिसाद
थिनरला हात लावू नका. तो घराचा रंग आणि गाडीचा रंग असा भेद करत नाही. हेडलाइटची काच बहुधा पॉलिकार्बोनेटची असते, तिला थिनर किंवा अॅसिटोन लागलं तर बारीक तडे जातात.

आधी रंग कुठला ते पाहा. जमिनीवर पडलेल्या वाळक्या थेंबावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा घासा. बोळ्याला रंग लागला तर इमल्शन (पाण्यात कालवायचा भिंतीचा रंग), नाही लागला तर बहुधा ऑइल पेंट. नखाने निघतोय त्यावरून इमल्शन वाटतंय. लांबून उडालेला थेंब हवेतच अर्धा वाळतो आणि पृष्ठभागावर नुसता चिकटून बसतो, ही तुमची जमेची बाजू.

मग क्ले बार, म्हणजे गाडीच्या रंगावर चिकटलेले कण उचलणारा मऊ, मातीसारखा गोळा. तीन बोटांत मावेल एवढा तुकडा चपटा करा, टाकीवर शाम्पूचं पाणी भरपूर मारा आणि बोटांच्या वजनानेच सरळ रेषेत फिरवा. जोर लावायचा नाही. पृष्ठभागाच्या वर आलेला कण क्ले उपटून काढते. मळली की घडी घालून स्वच्छ बाजू वर आणा, आणि जमिनीवर पडली तर तो तुकडा फेकून द्या. त्यात शिरलेली वाळू टाकीवर ओरखडे पाडेल.

रेघेपासून बोटभर लांब थांबा. तिच्यावर अल्कोहोलही नको आणि मास्किंग टेपही नको, जुना रंग टेपबरोबर उचलून येतो.

धागाकर्ता
बोळ्याला पिवळा रंग लागला, म्हणजे इमल्शनच. दोन संध्याकाळी बसून टाकी पूर्ण केली. सुरुवातीला क्लेखाली खरखर आवाज येत होता. जागा साफ झाली की आवाज थांबून हात एकदम गुळगुळीत सरकतो, तिथेच थांबायचं हे हाताला कळलं. रेघेवर कोमट पाण्यात पिळलेलं फडकं दहा मिनिटं ठेवलं आणि नंतर एकेक ठिपका नखाने उचलला. एका बाजूला दीड तास गेला, पण रेघ शाबूत आहे! मनापासून आभार.

आता मागच्या मडगार्डचं खरबरीत काळं प्लास्टिक राहिलंय. दाण्यांच्या खाचांत पिवळं अडकलंय. तिथेही क्लेच?

प्रतिसाद
तिथे क्ले नको, खाचांत तीच अडकून बसेल. कोमट साबणाचं पाणी आणि मऊ दातांचा ब्रश घ्या. राहिलेल्या ठिपक्यांना कापसाच्या काडीने थोडं अल्कोहोल लावा, पण आधी आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला करून बघा. टाकीला आता वॅक्स द्या, क्लेने वॅक्सचा जुना थर निघालेला असतो. वॅक्सचं फडकं ब्रेक डिस्कला मात्र चुकूनही लागू देऊ नका, ब्रेक लागणार नाही.